उत्तर खाली लिहावे

१

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. कुणाला उत्तर द्यायचं असेल तर आधी त्याचं म्हणणं जसंच्या तसं वर ठेवायचं, प्रत्येक ओळीआधी बाणाची खूण करायची, आणि आपलं उत्तर त्याच्या खाली लिहायचं. खाली. वर नाही. प्रश्नाआधी उत्तर वाचायला लावणारी माणसं मला जेवणाआधी बडीशेप पुढे करणाऱ्यांसारखी वाटतात. या नियमावरून मी लोकांना इतकं झापलंय की दिग्विजय एकदा वर्षभर रुसून बसला होता.

ग्रुप म्हणजे युजनेटवरचा न्यूजग्रुप. हल्लीच्या पोरांना सांगायला गेलं की विचारतात, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारखं का? नाही बाबांनो. इथे कंपनी नाही, मालक नाही. तुम्ही लिहिलेला संदेश तुमच्या घरच्या मशीनवरून दुसऱ्याच्या मशीनवर, तिथून तिसऱ्याच्या, असा हातोहात फिरतो. आम्ही पुण्यात नोकरीला होतो तेव्हा शैलेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हा 'कट्टा' सुरू केला. बाकीचं जग केव्हाच उठून दुसरीकडे गेलं. आम्ही मूठभर म्हातारे अजून तिथेच बसून गुडघेदुखी, आयकर आणि लिंबाच्या लोणच्यावरून भांडतो. रिटायर झाल्यावर मुळशी धरणाच्या काठाला, आता शेजारीण असलेल्या रत्नाबाईंच्या शेताचा तुकडा घेऊन घर बांधलं, तेव्हा कट्ट्याचं मशीनही मागच्या खोलीत आणून ठेवलं.

या पद्धतीत एक गंमत होते. संदेश वेगवेगळ्या वाटांनी फिरतात, त्यामुळे कधीकधी उत्तर आधी पोचतं आणि प्रश्न मागाहून. पत्रिका यायच्या आधी लग्नाचे लाडू घरी यावेत तसं. नवखा माणूस गोंधळतो. आम्ही म्हणतो, दम धर जरा, प्रश्न येईल मागून.

२

त्या सकाळी शैलेश ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. दाणे केरात टाकत होता आणि टरफलं वाडग्यात. त्याचं विसरणं हळूहळू वाढत गेलं होतं. आधी रस्त्यांची नावं गेली, मग मित्रांची, आणि एक दिवस त्याने मला फार अदबीनं विचारलं, "आपण कुठून आलात?" मी रडायला लागले तर पाहुणीला द्यावं तसं तांब्याभर पाणी आणून दिलं. तेव्हापासून मी त्याच्यासमोर रडत नाही. माणूस आहे ना घरात, मग झालं, असं स्वतःला बजावते. त्याला घरात ठेवणं, एवढंच एक काम मला उरलं होतं.

त्याच्याकडे एक डोळा ठेवून मी कट्टा उघडला. इंद्रजितचं उत्तर आलेलं होतं. इंद्रजित आमचा नागपूरचा मित्र, शैलेशच्या वर्गातला. विषय होता: 'उत्तर: शैलेश सापडत नाही'.

> शैलेश सकाळपासून सापडत नाही. मी फक्त दूध आणायला रत्नाबाईंकडे गेले होते.
> निळा स्वेटर खुंटीवरच आहे. अंगात नुसता सदरा आहे आणि थंडी मरणाची.

या ओळींच्या वर मूळ लेखक म्हणून माझं नाव होतं. मी हे लिहिलेलं नव्हतं. शैलेश समोर बसून शेंगा सोलत होता आणि निळा स्वेटर त्याच्या अंगात होता. त्याच्या डाव्या कोपराला मी किरमिजी लोकर लावून रफू केलेलं इथूनही दिसत होतं.

मी संतापले. असली चेष्टा करतात होय? खाली काय लिहिलंय ते न बघताच संदेश बंद केला आणि इंद्रजितला फोन लावला. फोन त्याच्या बायकोनं उचलला. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. "तो बिचारा रेडिओ ऐकत पडलाय अपूर्वा, लिहिणार कसा?" ती म्हणाली. मी ऑपरेशनची चौकशी केली आणि फोन ठेवला.

३

मी शिकलेली बाई आहे. यंत्रांमध्ये आयुष्य गेलं माझं. कुणीतरी आमची नावं वापरून खोडसाळपणा करतंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि सगळे पासवर्ड बदलले.

दोनच दिवसांत दिग्विजयचं उत्तर आलं. त्याने माझ्या त्या न लिहिलेल्या संदेशातल्या पुढच्या ओळी वर ठेवल्या होत्या.

> मागच्या दाराची नवी कडी आतून काढलेली आहे.
> कुणाला काही सुचत असेल तर सांगा. पाया पडते.

हे वाचून मी खरं तर हसले. एक तर कट्ट्यावर मी जन्मात कुणाच्या पाया पडलेली नाही. आणि दुसरं म्हणजे मागच्या दाराला नवी कडी नव्हतीच. जुना अडसर होता, गंजका. म्हणजे खोटं आहे सगळं. इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी मी शिरा केला. शैलेशनं दोनदा मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात मी त्याला न्हाऊ घालून बाहेर आणलं तर मागच्या दारापाशी रत्नाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. त्यांचा मुलगा अमोल उरवड्याच्या कंपनीत कामाला आहे. तो खाली बसून स्क्रू पिळत होता.

"अडसर हातातच आला की वो ताई," रत्नाबाई म्हणाल्या. "म्हटलं भाऊ हाय हे असं, दार उघडं ऱ्हाऊन चालंल व्हय? अमोलला म्हटलं, चांगली दणकट कडी बशीव."

मी त्या कडीकडे बघत राहिले. पितळी, नवी कोरी, चकचकीत.

"काढा ती," मी म्हणाले.

"आँ?"

"काढा म्हणते ना."

रत्नाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. रागावल्या नाहीत. "ताई, कडी काढून दार उघडं टाकताय? आवो, आमच्या सासऱ्याला बी असंच झालतं. आमी डोळ्यात त्याल घालून राखला, तरी एक दिस घरातनं गेलाच. कडीनं काय हुतंय म्हना. पन असू द्या, मनाला बरं वाटतं."

कडी राहिली. मी सांगणार काय त्यांना?

४

त्यानंतर मी शैलेशला एक क्षण सोडलं नाही. दूध अमोलच आणून देऊ लागला. झोपताना मी शैलेशच्या सदऱ्याचं टोक माझ्या पदराला बांधायची. शेजारच्या खोलीत मशीनचा पंखा घरघरत असायचा आणि मध्येच डिस्क किर्र करायची, की समजावं, नवीन काहीतरी आलं. पाचावर धारण बसायची माझी.

मग ते तिसरं उत्तर आलं. टळटळीत दुपार होती. शैलेश माझ्या शेजारीच खुर्चीत बसून खिडकीतून पाण्याकडे बघत होता. विषय तोच. लेखकाच्या जागी नाव होतं शैलेशचं.

शैलेशला स्वतःचा पासवर्ड विसरून जमाना झाला होता. कीबोर्ड पुढे ठेवला तर तो बोटं फिरवून म्हणायचा, "छान आहे." मी संदेश उघडला. पडदा माझ्याच ओळींनी भरला: सापडत नाही, स्वेटर, कडी, पाया पडते. उत्तर खाली होतं, नियमाप्रमाणे. मी हळूहळू खाली गेले. पडद्याच्या तळाशी त्याच्या उत्तराचा पहिला शब्द वर आला.

अपू,

एवढंच दिसलं. जगात मला अपू म्हणणारा एकच माणूस. आणि त्याच्याही तोंडून ते गेल्याला दोन वर्षं झाली होती. मी शेजारी बघितलं. तो खिडकीबाहेर बघत पुटपुटत होता, "पाणी चढलंय." मला वाटलं, हा मेल्यानंतरचं बोलणं आहे हे. वाचलं की खरं झालं. हरवलेल्या माणसाचं उत्तर आणखी कुठून येणार?

मी पुढे वाचलं नाही.

न्यूजग्रुपवर संदेश रद्द करता येतो. प्रत्येक संदेशाला एक खुणेचा नंबर असतो, आणि उत्तरात मूळ संदेशाचा नंबर नोंदलेला असतोच. रद्द करायचा हुकूम सोडला की तो मशीन-मशीन फिरतो आणि जिथे जिथे संदेश असेल तिथून तो पुसतो. संदेश अजून पोचलाच नसेल, तर मशीन तो नंबर लक्षात ठेवतं आणि पुढे कधीही तो आला की दारातूनच परत पाठवतं. कट्ट्याची राखणदार मी. मी इंद्रजितचं उत्तर रद्द केलं, दिग्विजयचं रद्द केलं, शैलेशचं रद्द केलं. आणि सगळ्यात शेवटी, मी न लिहिलेला माझा संदेश रद्द केला. आता ये म्हणावं कसा येतोस ते.

कुणाला यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

५

मग फार चांगले दिवस गेले. काही आलं नाही. शैलेश शांत झोपायचा. एकदा तर मी भाकरी थापत असताना मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जळेल हं." मी जिंकले असं मला वाटलं. ते एक वाटणं मी अजून विसरलेले नाही.

त्या दिवशी अमोलला पहिल्या पाळीला जायचं होतं, म्हणून दूध आलं नाही. शैलेश गाढ झोपला होता. रत्नाबाईंचं घर म्हणजे आमच्या कुंपणापलीकडे. मी कडी लावली, पुढच्या दाराला कुलूप लावलं, गेले आणि आले. दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं तेव्हा पाठीला गार वारा लागला.

मागचं दार उघडं होतं. कडी आतून काढलेली. निळा स्वेटर खुंटीला.

मी ओरडत पाण्यापर्यंत गेले. रत्नाबाई आल्या, वरच्या वस्तीवरून गोरख आला, त्याची माणसं रानात पांगली. पौडहून पोलीस येऊन लिहून घेऊन गेले. धुकं फाटलं, ऊन आलं, ऊन गेलं. भातखाचरं कापून मोकळी पडलेली, लपायला जागा नाही, तरी माणूस दिसेना.

"पाऊल बी न्हाई कुटं," गोरख म्हणाला. "दव पडल्यालं, दारापसनं पाऊल उटाया पायजे. न्हाई उटलं."

६

सगळे पांगले तशी मी मशीनपुढे जाऊन बसले. आणि बसल्या बसल्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं मूर्ख बाई, उत्तरं आली होती. इंद्रजितनं काही सुचवलं असेल, दिग्विजयनं सुचवलं असेल. आणि शैलेशनं? तो कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय.

पुसलेला मजकूर परत मिळत नाही. विषयांच्या यादीत नुसती नोंद उरते. त्याचं उत्तर पानभर लांब होतं, एवढं नोंदीवरून दिसत होतं. ज्या माणसाला दोन वाक्यं जोडता येत नव्हती, त्याने पानभर लिहिलं होतं. नियम उलटा असता, उत्तर वर असतं, तर पहिल्या क्षणीच माझ्या डोळ्यांत शिरलं असतं. मला न वाचायला वेळच मिळाला नसता.

मग प्रश्न विचारला तर उत्तर पुन्हा येईल, असं मला वाटलं. मी लिहिलं: शैलेश सकाळपासून सापडत नाही. बोटं पुढे जात राहिली आणि तेच शब्द त्याच क्रमानं उतरले. पाया पडते, हेही. यावेळी खरोखरच पडत होते. पाठवलं.

मशीननं परत केलं. हा संदेश रद्द झालेला आहे.

नंबर मशीन स्वतः बनवतं, दर वेळी नवा, तोच पुन्हा येणं शक्य नाही. मी शब्द बदलले. विषय बदलला. इंग्रजीत लिहिलं. मशीन बंद करून चालू केलं. दर वेळी तोच नंबर आणि तोच नकार. शेवटी इंद्रजितला फोन केला. "तू काय उत्तर दिलं होतंस? काय दिलं असतंस?" मी किंचाळत होते. "अपूर्वा, मला कळत नाहीये गं तू काय विचारतेयस," तो म्हणाला, आणि तोही रडायला लागला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी डिस्क किर्र वाजली. लेखक शैलेश. विषय: 'उत्तर: शैलेश सापडला'.

> शैलेश सापडला. वरच्या वस्तीतल्या गोरखला तो पाण्याकाठी बसलेला दिसला.
> अंगावर साधा ओरखडा नाही. मला बघताच त्याने नावाने हाक मारली.
> त्याला सगळं आठवतंय. देव पावला.

ओळींच्या वर पुन्हा माझंच नाव. माझ्या लिखाणात देव कधी नसतो. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. सापडला, एवढा एकच शब्द मी पुन्हा पुन्हा वाचत होते. मग खाली गेले. यावेळी थांबले नाही.

अपू, तो मी नाही.
मी कुठे आहे, कसं यायचं, ते सगळं मागच्या वेळी लिहिलं होतं. वाचलंस ना?
इथे फार गारठा आहे. येताना स्वेटर आण.

बाहेर जीप थांबली. रत्नाबाईंचा आवाज आला, "ताई, आवो ताई, घावलं भाऊ!" माणसं एकदम बोलायला लागली. गोरख सांगत होता, "पान्याच्या कडंला बसल्यालं, कोरडं ठाक. मलाच म्हनलं, गोरख, बरा हाईस का." रत्नाबाई भाकरतुकडा ओवाळून टाकत होत्या.

मी दारात गेले. तो पायरीवर उभा होता. दाढी केलेली, डोळे स्वच्छ. निळा स्वेटर घातलेला. डाव्या कोपराला किरमिजी रफू. रफूत माझे दोन टाके चुकलेले होते, ते दोन टाके तसेच चुकलेले.

"अपूर्वा," तो म्हणाला, "किती काळजी केलीस."

मी मान वळवून आत बघितलं. निळा स्वेटर खुंटीवर होता.

८

डॉक्टर म्हणाले, असं सहसा होत नाही, पण झालंय खरं, नशीब समजा. शैलेशला आता सगळं आठवतं. लग्नातल्या पंगतीत कोण रुसलं होतं ते आठवतं. दिग्विजय कशावरून रुसला ते आठवतं. सापडल्याचा कट्ट्यावरचा संदेश त्यानेच लिहिला, माझ्या नावानं. मी शेजारी उभी होते. तू दमलीयेस, मी लिहितो म्हणाला, आणि मी वाचलेल्या ओळी एकेक करून पडद्यावर उतरल्या. देव पावला, ही शेवटची. तो संदेश मात्र लगेच गेला. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

त्या संदेशाचं एक उत्तर आधीच आलंय, हे मी कुणाला दाखवू? दाखवायला गेले तेव्हा ते यादीत नव्हतं.

मी स्वतःला समजावून बघते. दोन स्वेटर विणले असतील आणि मीच विसरले असेन. घरातलं विसरणं आता माझ्याकडे आलं असेल. असंही म्हणते की बाई गं, पदर पसरून मागितलंस ते मिळालं, आता नाकं का मुरडतेस? तो पावटा बरोबर सोलतो. माझ्या पायांना तेल लावून देतो. मला त्याची भीती वाटते. आणि त्याहून जास्त, दुसऱ्याची आठवण येते, मला पाणी आणून देणाऱ्याची.

खुंटीवरचा स्वेटर मी पिशवीत घालते आणि धरणाच्या कडेकडेनं जाते. कुठे जायचं ते माहीत नाही. ते लिहिलेलं होतं. मी हाका मारते आणि पाण्यावरून माझाच आवाज परत येतो. रत्नाबाई कुंपणापाशी अडवतात. "ताई, भाऊ घरात हाय की. कुनाला हाका मारताय?" मग हळूच म्हणतात, "आमच्या सासऱ्याला बी आनलं हुतं लोकांनी परत. सासूनं मरस्तवर त्येच्या ताटात वाढलं न्हाई. आमी तिलाच येडी म्हनायचो."

आज सकाळी तो स्वयंपाकघरात होता तेव्हा मी पुन्हा पाठवून बघितलं. परत आलं. मागे पावलं वाजली नाहीत, पण चहाचा वास आला. त्याने कप माझ्या हाताशी ठेवला आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं.

"तो नाही जायचा, अपूर्वा," तो मायेनं म्हणाला. "तूच रद्द केलायस ना?"

त्याने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि आत गेला. मी चहाचा एक घोट घेतला. साखर अगदी माझ्या मापाची होती. मग कप बाजूला सारला आणि पुन्हा लिहायला घेतलं. शैलेश सापडत नाही.